माझ्या प्रार्थनेतही मीच असते

प्रिय ताई,

तुमच्यापेक्षा मी बरीच लहान आहे, तेव्हा उत्तरात 'तू'च म्हणा. माझं वय ३८. लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आहे. बाप्तिस्मा, दृढीकरण सगळं रीतसर झालं, गेली ९ वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते. आणि मी अतिशय स्वार्थी बाई आहे.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. धाकटी बहीण तिच्याजवळ राहते, तीच सगळं करते. तिने फोन करून विचारलं, "आठ दिवस येशील का?" मी म्हटलं, ऑफिसात रजा मिळत नाहीये. रजा होती. ती मी स्वतःसाठी राखून ठेवली होती. कुठे जायचं नव्हतं, नुसतं घरात निवांत पडायचं होतं. पडले. बहिणीने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या रविवारी उपदेश नेमका बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर होता, दुसऱ्यांचंही हित पाहा असं सांगणाऱ्या. मी बाकावर बसून रडले. घरी आले आणि तरीही फोन केला नाही.

हे एकच उदाहरण नाही. मंडळीत कुणासाठी काही केलं आणि माझं नाव कुणी घेतलं नाही, तर दोन दिवस मनात तेच घोळत राहतं. रोज प्रार्थना करते, देवा, माझा स्वार्थ काढून टाक. काही होत नाही. माझा विश्वासच खोटा आहे का? निःस्वार्थी होता येतं तरी कसं?

एक बहीण

*

प्रिय बहिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझ्याविषयी कणव वाटली. दुसऱ्यांदा स्वतःची आठवण झाली. तिसऱ्यांदा एक गोष्ट खटकली आणि ती आधीच सांगून टाकते, कारण मला जे काही म्हणायचं आहे ते तिच्याभोवतीच आहे. तू कशी आहेस, तुला काय वाटतं, तू कधी रडलीस, हे सगळं मला पत्रातून कळलं. तुझी बहीण कशी आहे? तिला रात्रीची झोप मिळते का? आई चालायला लागली का, पायऱ्या चढते का, तिला अजून दुखतं का? यातलं एक अक्षरही पत्रात नाही.

हे वाचून खचू नकोस. तू दुष्ट आहेस असं मी म्हणत नाही. पश्चात्तापसुद्धा स्वतःभोवतीच घिरट्या घालत राहू शकतो, एवढंच मला दाखवायचं आहे. 'मी किती वाईट' हा विचार 'मी किती चांगली' या विचाराचा सख्खा भाऊ आहे. दोघांनाही आरशासमोरून हलायचं नसतं.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५१५-१६ साली प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रावर व्याख्यानं दिली. त्यांत त्यांनी पापाचं जे वर्णन केलं आहे ते मला फार खरं वाटतं. स्वतःतच वाकून गेलेला माणूस, असं ते म्हणतात. इतका वाकलेला, की देवाकडे जातो तेही देवाकडून स्वतःसाठी काहीतरी मिळवायला. तुझी रोजची प्रार्थना या प्रकाशात एकदा बघ. 'देवा, माझा स्वार्थ काढून टाक.' मागणं चांगलं आहे, पण त्या वाक्यात माणसं किती आहेत? तू आणि देव. ज्यांच्याशी तू स्वार्थीपणाने वागलीस ती आई आणि बहीण त्या प्रार्थनेच्या दाराबाहेरच उभ्या आहेत.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १२ व्या अध्यायातला, येशूने सांगितलेल्या गोष्टीतला तो श्रीमंत शेतकरी तुला आठवत असेल, संडे स्कूलमध्ये शिकवलाही असशील. त्याला पीक अमाप येतं आणि तो स्वतःशीच बोलू लागतो. माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, माझा जीव. त्या गोष्टीत त्याने कुणाला लुबाडलं, कुणाची मजुरी बुडवली, असं प्रभू म्हणत नाहीत. त्याच्या आयुष्यात दुसरं माणूसच नाही, एवढंच दाखवतात. बायको नाही, शेजारी नाही, राबणारा गडीसुद्धा नाही. त्याला हाक मारणारा पहिला आवाज देवाचा येतो, आणि तो येतो तेव्हा त्याच्याजवळ तेवढी एक रात्रच उरलेली असते. मुलांना शिकवताना आपण या गोष्टीतून पैशाचा लोभ तेवढा काढतो. मला तर त्या माणसाचा एकटेपणाच जास्त भयंकर वाटतो.

आता तुझा प्रश्न. विश्वास खोटा आहे का?

नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. लूकचाच २२ वा अध्याय काढ. शेवटचं भोजन. प्रभूंनी भाकर मोडली, प्याला दिला, धरून देणाऱ्याचा हात याच मेजावर आहे असं सांगितलं. आणि त्याच मेजाभोवती शिष्यांचा वाद सुरू झाला, आपल्यात मोठा कोण? पौलही रोमकरांच्या ७ व्या अध्यायात कबूल करतो, जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही. तेव्हा ज्यांच्या साक्षीवर आपली मंडळी उभी राहिली ती माणसंही तुझ्या-माझ्याच मातीची होती. पण मला लूकच्या त्या अध्यायात पुढचं जास्त मोलाचं वाटतं. प्रभू त्यांना आधी समजावतात, मी तुमच्यामध्ये सेवा करणाऱ्यासारखा आहे म्हणतात, आणि लगेच म्हणतात, माझ्या परीक्षांमध्ये माझ्याबरोबर टिकून राहिलेले ते तुम्हीच. भांडण ऐकून अजून मिनिटही झालं नव्हतं! त्यांना मेजावरून उठवलं नाही. तुलाही उठवलेलं नाही.

माझं सांगते. हे मी फार थोड्या लोकांजवळ बोलले आहे. माझे सासरे शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होते. मी आणि माझे पती शेजारच्या खोलीत झोपायचो, मधलं दार उघडं ठेवून. एका रात्री तीनच्या सुमाराला सासऱ्यांनी पाण्यासाठी हाक मारली. मी जागी होते. अगदी टक्क जागी. मी डोळे मिटून घेतले आणि श्वास संथ केला, झोपलेल्या माणसाचा असतो तसा. माझे पती उठले. चपला सापडेनात म्हणून अनवाणीच गेले. पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग "बाबा, सावकाश" असा त्यांचा आवाज. ते परत येऊन झोपले, मी श्वास तसाच संथ ठेवला. सकाळी उठून मी नेहमीप्रमाणे पवित्र शास्त्र वाचलं.

पुढचे कित्येक दिवस मी स्वतःला बोल लावत राहिले. तू करतेस तशीच प्रार्थना केली. आणि त्या सगळ्या दिवसांत रात्री कोण उठत होतं? तेच. माझा अपराधीपणा फार मोठा होता, पण त्याने सासऱ्यांना घोटभर पाणीही पाजलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी मी पतींना सांगितलं, त्या रात्री मी जागी होते. माझी अपेक्षा होती की ते रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी फक्त विचारलं, "मग आज तू उठशील का?" मी उठले. मनाला काही उभारी वगैरे आली नाही. डोळे चुरचुरत होते आणि चिडचिडही होत होती. पण उठले. दुसऱ्या रात्रीही उठले. काही आठवड्यांनी कधीतरी लक्षात आलं की हाक यायच्या आधीच मला जाग येते आणि मी कानोसा घेत पडलेली असते, बाबांचा श्वास नीट चालला आहे ना. माझ्यात काय बदललं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं खरं की तेव्हा मी माझ्या स्वार्थाचा विचार करत नव्हते, बाबांच्या छातीतल्या घरघरीचा करत होते.

आता तू म्हणशील, ताई, मग यात ख्रिस्त कुठे आला? मनाचा निग्रह करून उठायचं, हे तर कुणीही सांगेल. नुसत्या निग्रहावर मी चार दिवसांत गळाले असते. उठायचं बळ कुठून आलं ते सांगते.

त्या रात्री मी डोळे का मिटले होते? मला भीती वाटत होती. आज उठले तर रोज उठावं लागेल, माझी झोप गेली की तब्येत जाईल, आणि मग माझ्याकडे कोण बघणार? स्वार्थाला आपण हाव समजतो. बऱ्याचदा ती भीती असते, आपल्याला पुरणार नाही आणि आपली काळजी करणारं कुणी नाही ही. तुझी राखून ठेवलेली रजा मला त्यातलीच वाटते. जिला ठाऊक असतं की आपल्याला विसावा मिळेल, ती तो असा कुलपात घालून ठेवत नाही.

म्हणून योहानाच्या १३ व्या अध्यायातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग आपल्याला पाठ असतो, पण त्याच्या आधीचं तिसरं वचन आपण भरभर ओलांडून जातो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जात आहोत, हे जाणून येशू भोजनावरून उठला आणि त्याने कमरेला रुमाल बांधला. जाणून उठला. आपण कोणाचे आहोत हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून गुडघ्यावर बसताना त्याला काही गमावण्याची धास्ती नव्हती. त्या पायांमध्ये त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. ज्याला स्वतःचा मान दर घटकेला सांभाळत बसावा लागतो, त्याच्याने हे होत नाही.

येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय या जकातदाराचंही तसंच. प्रभूंनी त्याला आधी सुधारायला सांगून मग घरी येतो म्हटलं नाही. झाडाखाली उभं राहून आधीच सांगितलं, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत, हे त्यानंतर आलं, तेही कुणी न मागता. हा क्रम उलटा करायला गेलं की आपला धर्म नुसता दमवणारा होतो. आणि तू, मला वाटतं, तो उलटाच करते आहेस. आधी निःस्वार्थी होईन, मग देवाला आवडेन. अगं, त्याने आधी प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, असं योहान लिहितो. तुझ्या प्रार्थनेची सुरुवात तिथून कर. सकाळी पाच मिनिटं काही मागूच नकोस. माझं काही कमी पडू दिलं नाहीस, हे त्याला सांग, आणि खरोखर काय काय मिळालं ते एकेक आठव. मग बहिणीचं नाव घे, आईचं घे. 'मला बदल' असं म्हणण्याऐवजी 'आज तिला कशाची गरज आहे?' असं विचार. उत्तर आलं तर ते करायला लागेल, हे मनाशी धरून विचार.

आता नाव घेतलं नाही की दोन दिवस घोळत राहतं, त्याविषयी. ही खोड लवकर जात नाही. माझी गेलेली नाही. याकोब आणि योहान या जब्दीच्या मुलांनी प्रभूंच्या उजवी-डावीकडची जागा मागितली तेव्हा उरलेले दहा शिष्य चिडले, असं मार्क लिहितो. का चिडले असतील? त्यांनाही तीच जागा हवी होती, दुसरं काय! प्रभूंनी त्यांची मोठं होण्याची इच्छा मोडून काढली नाही, मोठं व्हायचा रस्ता तेवढा बदलून दिला. तेव्हा कौतुक आवडतं म्हणून स्वतःवर आसूड ओढू नकोस. संडे स्कूलही सोडू नकोस. लोक म्हणतात, हेतू शुद्ध नसेल तर सेवाच करू नये. मला हे बिलकूल पटत नाही. त्या मुलांना तुझ्या हेतूपेक्षा तुझ्या वर्गाची गरज आहे. फक्त आठवड्यातून एक काम असं कर जे कुणाला कळूच शकणार नाही. डाव्या हाताला कळू देऊ नका, हे मत्तयातलं वचन मी अगदी शब्दशः घेते. उपासनेनंतर सगळे गेल्यावर बाकांखालची गीतपुस्तकं उचलून ठेव, किंवा जिचं-तुझं पटत नाही तिच्यासाठी महिनाभर प्रार्थना कर, तिला न सांगता. पहिल्या एक-दोन वेळा फार चुटपुट लागते, कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सांगू नकोस. ती चुटपुट हीच त्या वाकलेल्या पाठीची कुरकुर समज.

आणखी एक, म्हणजे तू भलत्या टोकाला जाऊ नयेस म्हणून. विश्रांती हवी असणं हे पाप नाही. मार्कच्या ६ व्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही फुरसत नव्हती तेव्हा प्रभूच म्हणाले, चला, एकांती जाऊन थोडा विसावा घ्या. लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे पोहोचले आणि विसावा हुकला, तो भाग वेगळा. त्यांना बघून प्रभूंना कळवळा आला, पण म्हणून शिष्यांना दिलेलं आमंत्रण चुकीचं ठरलं नाही. गलतीकरांच्या ६ व्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहा म्हणतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. एक अंगावर कोसळणारं जड ओझं, दुसरा ज्याची त्याने न्यायची गाठोडी. कुणी स्वतःची गाठोडी रोज तुझ्या डोक्यावर ठेवत असेल, धमकावत असेल, मारत असेल, तर ते सहन करणं म्हणजे निःस्वार्थीपणा नव्हे. पण तुझ्या पत्रात तसलं काही नाही. तुझी बहीण जड ओझ्याखाली आहे आणि तिने एकदाच विचारलं.

तू ज्या अध्यायावरचा उपदेश ऐकून रडलीस, तो पुन्हा उघड. 'आपलेच नव्हे, तर दुसऱ्यांचेही हित पाहा' अशा अर्थाचं चौथं वचन तिथे आहे. मराठीत 'च' आणि 'ही' ही दोन इवलीशी अक्षरं, पण सगळं तिथेच आहे. पौल 'आपलं हित बघू नका' म्हणत नाही, 'च' काढायला सांगतो, 'ही' घालायला सांगतो. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केलं, क्रूसावरचं मरण सोसलं, हे तो त्याच्या पुढे सांगतो, आणि उपदेश बहुधा तिथे संपतो. पण तू अध्यायाच्या शेवटापर्यंत जा. तिथे एपफ्रदीत नावाचा माणूस भेटेल. पौल कैदेत असताना फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पौलाच्या मदतीला पाठवलं होतं. तो आजारी पडला, मरता मरता वाचला. आणि तो कशामुळे बेचैन झाला? आपण आजारी पडल्याचं घरच्या मंडळीला कळलं, आता त्यांना काळजी लागली असेल, यामुळे! माझं आजारपण निघालं की मी सगळ्या जगाने माझी विचारपूस करावी अशी वाट बघत असते, म्हणून हा माणूस मला फार जवळचा आणि फार दूरचा वाटतो. त्याच्या नावावर एकही चमत्कार नाही, एकही उपदेश नाही. स्वतः आजारी असताना त्याचं मन दुसऱ्यांच्या घरी गेलं, एवढंच आपल्याला माहीत आहे. मला तर तेवढंच हवं आहे.

आता बहिणीला फोन कर. हे पत्र वाचून संपलं की कर, रविवारची वाट बघू नकोस. तिच्यापुढे रडू नकोस, कारण मग तुझी समजूत घालायचं कामही तिच्यावरच पडेल. सरळ सांग, "रजा होती, मी खोटं बोलले." ती चिडली तर चिडू दे, गप्प राहिली तर राहू दे. माफ केलंस ना, असं लगेच विचारू नकोस. ते तिच्या वेळेने होईल. मग विचार, आईला रात्री किती वेळा उठावं लागतं? तू शेवटची सलग कधी झोपलीस? आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐक. फोन ठेवायच्या आधी तारीख दे. 'बघते, जमवते' नको, तारीख. आठ दिवस नाही जमले तर चार.

गेलीस की पहिल्याच रात्री आईच्या खोलीत स्वतःची गादी घाल. पाण्याचा तांब्या उशाशी ठेव, चपला पायाशी. बहिणीला आतल्या खोलीत पाठव आणि दार लोटून घे, म्हणजे आईने हाक मारली तरी तिला ऐकू जायचं नाही.

तुझी
ताई